लडाखच्या गावात 'पाणी अडवा, पाणी जिरवा' चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याकडच्या एका तरुण गटाने माण तालुक्यात दोन उन्हाळे श्रमदान केलं. मागच्या वर्षी ते लडाखला गेले आणि लेहपासून थोड्या अंतरावरच्या एका बाजूच्या खोऱ्यातल्या गावात राहिले. घरमालक म्हणाले, एप्रिल-मेमध्ये जवाला द्यायला पाणी नसतं, दर वर्षी थोडी शेतं पडीक राहतात. गटाने थोडे पैसे जमवले आहेत. ते विचारतात: "खाली सिंधू वाहते, वर बर्फाचे डोंगर आहेत, मग पाणी नाही कसं? आम्ही तिथे समतल चर खणावेत, नाला बांध घालावेत, बर्फाचा स्तूप करावा की बोअर मारून द्यावी?"

मी भूजलाचं काम करते. निम्मं आयुष्य दख्खनच्या बेसाल्टवर गेलं आणि गेली बरीच वर्षं उन्हाळ्याचे काही आठवडे लडाखमधल्या बाजूच्या खोऱ्यांत जातात. त्यामुळे दोन्हीकडचं पाहून उत्तर देते. उत्तर लांब होईल, कारण चार पर्यायांपैकी एक निवडून सांगितला तर तो तुमच्या गावाला लागू पडेलच असं नाही. तुमच्या प्रश्नात गावाचं नाव नाही, ओढ्याची मोजणी नाही आणि गाव कोणत्या उंचीवर आहे हेही नाही. या तीन गोष्टींवर बरंच काही ठरतं.

आधी प्रश्न नीट मांडू. माणमध्ये तुम्ही जो प्रश्न सोडवला तो असा होता: चार महिन्यांत पाऊस पडतो, तो वाहून जातो, तो अडवून जमिनीत जिरवला की विहिरींना पुढचे आठ महिने पाणी राहतं. लडाखच्या गावाचा प्रश्न दिसायला तोच, पण घडण वेगळी. तिथे पाऊस हा पाण्याचा मुख्य स्रोतच नाही. लेहला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून साधारण १०० मिलिमीटर पडतं. माण-खटावच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यातसुद्धा त्याच्या चार-पाच पट पडतो. हिमालयाची मुख्य रांग मान्सूनला अडवते, आणि हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी वादळं उंचावर थोडा बर्फ टाकून जातात. शेतात पडलेल्या पावसावर लडाखमध्ये कोणी पीक घेत नाही. प्रत्येक दाणा पाटाच्या पाण्यावर पिकतो आणि ते पाणी वरच्या बर्फातून येतं.

मग सिंधू? नदी लेहच्या खाली सुमारे ३२०० मीटरवर आहे आणि शहर ३५०० मीटरवर. बाजूच्या खोऱ्यांतली गावं त्याहूनही वर. सिंधूचं पाणी त्यांच्या शेतात न्यायचं तर शेकडो मीटर उपसावं लागेल. काठालगतच्या सपाट जमिनींना नदीचा उपयोग होतो. लेह शहराला सिंधूकाठच्या कूपनलिकांमधून पाणी वर चढवलं जातं, पण तो शहराचा खर्च आहे. साठ-सत्तर हेक्टरच्या जवाच्या गावाला तो झेपणारा नाही. तुमच्या गावापुरती नदी म्हणजे शेजारच्या डोंगरातून येणारा एक ओढा. लडाखी त्याला टोकपो म्हणतात. गावाचं सगळं जगणं त्या एका टोकपोवर आहे.

आता आकडे घेऊ. हे तुमच्या गावाचे नाहीत, रीत समजावी म्हणून घेतले आहेत. समजा ओढ्याचं पाणलोट क्षेत्र २० चौरस किलोमीटर आहे आणि त्यावर वर्षाला सरासरी १०० मिलिमीटर पडतं. हे झालं २० लाख घनमीटर पाणी. गावात ६० हेक्टर भिजायची जमीन आहे. जवाच्या हंगामात पाणी देण्याच्या सहा पाळ्या, प्रत्येक पाळीला ७५ मिलिमीटर धरलं तर गरज २ लाख ७० हजार घनमीटर. पाटात निम्मं मुरतं असं धरून दुप्पट करा. तरी साडेपाच लाखांच्या आत राहतं. बरंचसं बर्फ हवेत उडून गेलं तरीही कागदावर हे खोरं तुटीचं दिसत नाही.

आणि तरीही एप्रिलमध्ये शेत कोरडं. इथेच सगळी गोम आहे. पाणी किती आहे यापेक्षा ते कधी येतं, यावर ही गावं जगतात. लेहला एप्रिलमध्ये दिवसरात्रीचं सरासरी तापमान ५-६ अंश असतं. उंचीबरोबर हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. या रांगांमधल्या लहान हिमनद्या साधारण ५२०० मीटरच्या वर टिकून आहेत, म्हणजे लेहच्या १७०० मीटर वर. तिथे एप्रिलमध्ये सरासरी तापमान शून्याखाली पाच अंश. ती बर्फाची तिजोरी तेव्हा बंदच असते. ती उघडते जूनमध्ये आणि जुलै-ऑगस्टमध्ये भरभरून वाहते. त्या दिवसांत ओढ्यातलं जास्तीचं पाणी शेतांना नको असतं आणि ते सरळ सिंधूला जातं. पेरणी मात्र जूनपर्यंत थांबू शकत नाही, कारण सप्टेंबरनंतर थंडी उभं पीक मारते. तेवढ्या छोट्या हंगामात एकच पीक बसतं. त्यामुळे एप्रिल-मेची पहिली दोन पाणी चुकली तर पुढे ओढा दुथडी भरून वाहिला तरी काही उपयोग नाही.

मग पूर्वी एप्रिलमध्ये पाणी कुठून यायचं? गाव आणि हिमनदी यांच्यामधल्या उतारांवर, चार ते पाच हजार मीटरच्या पट्ट्यात, हिवाळ्यात पडलेला बर्फ असायचा. तो आधी वितळायचा. शिवाय झरे असतात, त्यांना तिथे छुमिक म्हणतात, ते हिवाळ्यातही थोडे वाहतात. ज्या वर्षी हिवाळ्यात बर्फ कमी पडतो त्या वर्षी हा मधला पट्टा उघडा राहतो आणि वरची तिजोरी उघडेपर्यंत गाव झऱ्यांच्या थेंबांवर बसून राहतं. वरच्या हिमनद्याही आटत आहेत. लडाखमधल्या कांग यात्झे शिखराच्या परिसरातल्या लहान हिमनद्यांचं क्षेत्र १९६९ ते २०१० या काळात सुमारे १४ टक्क्यांनी घटल्याचं मोजलेलं आहे. पण तुमच्या घरमालकांनी सांगितलेली एप्रिलची टंचाई बहुधा आधी हिवाळी बर्फाची गोष्ट आहे, हिमनदीची नंतर. कारण वेगळं असलं की इलाजही बदलतो, म्हणून हे मुद्दाम सांगते.

एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाला पटकन पटत नाही. तिथला बराचसा बर्फ पाणी न होताच नाहीसा होतो. हवा कोरडी, ऊन कडक, वारा सततचा, त्यामुळे बर्फाची थेट वाफ होते. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर सकाळी चार बोटं बर्फ असतो, दोन-तीन दिवसांत तो जातो आणि खालची माती उकरली तर कोरडी. किलोभर बर्फ वितळायला सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता लागते, त्याचीच थेट वाफ व्हायला २८०० हून जास्त. म्हणजे ज्या उन्हाने एक किलो बर्फ उडून जातो, त्याच उन्हात आठ किलोंहून जास्त बर्फाचं पाणी झालं असतं. म्हणून सावलीच्या उतारांना, उत्तरेकडे तोंड असलेल्या घळींना तिथे फार किंमत आहे. जुने शेतकरी शेतातल्या बर्फावर माती किंवा राख पसरतात, कारण काळा थर ऊन धरतो, बर्फ लवकर वितळतो आणि त्याचं पाणी जागच्या जागी मिळतं. ही युक्ती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यामागचं कारण घरच्या आजींनी मला दोन वाक्यांत सांगितलं होतं.

आता तुमच्या पर्यायांकडे येते.

समतल चर, म्हणजे उतारावर एकाच पातळीत खणलेले लांब खड्डे, खणू नका. यात मला शंका नाही. चर भरायला पाऊस लागतो आणि तो तिथे नाही. हे तुमचे श्रम वाया जाण्यापुरतं असतं तर मी इतकं ठासून सांगितलं नसतं. त्या उतारांवर आपल्यासारखा मुरूम आणि गवताची मुळं नाहीत. दगडगोटे, रेती आणि हिमनदीने आणून टाकलेला सुटा राडारोडा आहे. कधीतरी एखादा ढग फुटतो, तेव्हा असा उतार पाणी पिऊन फुगतो आणि गाळ-दगडांचा लोंढा होऊन खाली येतो. ५ ऑगस्ट २०१०च्या रात्री लेह आणि चोगलमसरमध्ये हेच झालं. दोनशेहून जास्त माणसं गेली. त्या दिवशी लेहच्या हवामान केंद्रावर नोंदलेला पाऊस होता फक्त १२.८ मिलिमीटर. मुख्य मारा शेजारच्या खोऱ्यांवर झाला होता, तो मोजायला तिथे यंत्रच नव्हतं. अशा सुट्या उतारावर पाणी थांबवून धरणारे खड्डे गावाच्या डोक्यावर करून ठेवायचे, हा धोका मी घेणार नाही आणि तुम्हीही घेऊ नका. ओढ्याच्या मुख्य पात्रातला नाला बांधही त्याच कारणाने नको. लोंढा आला की बांधाचे दगड त्याच्यात मिसळून गावात येतात.

बोअरबद्दल थोडं सावध बोलते. ही गावं बहुतेक पंख्याच्या आकाराच्या गाळाच्या उतारावर वसलेली आहेत. ओढा डोंगरातून बाहेर पडतो तिथे त्याने हजारो वर्षं टाकलेला दगड-वाळूचा ढीग म्हणजे हा पंखा. आत पाणी असतं, कधी चांगलं असतं. पण ते ओढ्याचंच आहे. ओढ्याचं पाणी वरच्या टोकाला मुरतं आणि खाली झरे होऊन निघतं. वर बोअर मारली की खालचा झरा कमी होतो, आणि त्या झऱ्यावर बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाचं तरी शेत किंवा कुरण असतं. आपल्याकडे दोन वर्षांनी का होईना चांगला पाऊस येऊन विहिरी भरून काढतो. तिथे तसं भरून काढणारं कोणी नाही. पिण्याच्या पाण्यासाठी एखादी बोअर गावाने ठरवून घेतली तर माझी हरकत नाही. शेतीसाठी मी देणार नाही. लेह शहराचा अनुभव समोर आहे. १९७४ साली लडाख पर्यटकांना खुलं झालं, हॉटेलं आणि पाहुणेघरं वाढली, प्रत्येकाने स्वतःची बोअर घेतली आणि सांडपाणी शोषखड्ड्यांत सोडलं. एकाच सुट्या गाळातून पाणी उपसायचं आणि त्यातच मैला सोडायचा, हे फार काळ चालत नाही. तुम्ही तिथे पाहुणे म्हणून राहता तेव्हा लडाखी कोरडा संडास वापरा. त्यात पाणी लागत नाही आणि त्याचं खत शेतात जातं.

बर्फाच्या स्तूपाकडे तुमचं मन ओढलेलं दिसतं, आणि ते समजण्यासारखं आहे. दोन गोष्टी वेगळ्या करून पाहू. चेवांग नोर्फेल हे लडाखचे स्थापत्य अभियंते. त्यांनी १९८७ साली फुक्त्से गावात पहिली कृत्रिम हिमनदी केली. कल्पना सरळ आहे. नोव्हेंबरनंतर ओढ्याचं पाणी कोणाला नको असतं. ते वळवून सावलीच्या उतारावर न्यायचं, दगडी बांधांच्या पायऱ्यांमागे पातळ थराथराने गोठू द्यायचं. ही जागा खऱ्या हिमनदीपेक्षा खूप खाली, गावाच्या जरा वर असते, म्हणून ते बर्फ एप्रिल-मेमध्येच वितळतं. वरचं पाणी दोन महिने आधी देणारी तिजोरीच ती. सोनम वांगचुक यांनी २०१३-१४च्या हिवाळ्यात स्तूपाचा पहिला प्रयोग केला. वरून नळाने आणलेलं पाणी स्वतःच्या दाबाने कारंज्यासारखं उडतं आणि थंडीत गोठत गोठत शंकू तयार होतो. शंकूला घनफळाच्या मानाने उन्हाला लागणारा पृष्ठभाग कमी, त्यामुळे तो सावली नसलेल्या जागीही टिकतो आणि गावाजवळ करता येतो. दोन्ही कल्पना अस्सल आहेत, त्याच मातीतल्या माणसांच्या आहेत, आणि दोघांबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण हिशेब करून बघू. समजा तुमचा स्तूप वीस लाख लिटरचा झाला. ऐकायला प्रचंड वाटतं. हे झाले २००० घनमीटर. एका हेक्टरला ७५ मिलिमीटरची एक पाळी म्हणजे ७५० घनमीटर. म्हणजे वीस लाख लिटरमध्ये वाटेत काहीही न मुरता पावणेतीन हेक्टरची एक पाळी होते. साठ हेक्टरच्या गावाची एक पाळी म्हणजे ४५ हजार घनमीटर. शिवाय कारंज्यातून उडालेलं सगळं पाणी गोठत नाही, बरंचसं वाहून जातं. नळ रात्री गोठून फुटतो आणि उणे वीस अंशांत तो मोकळा करायला गावातल्याच पोरांना जावं लागतं. फळझाडांच्या किंवा नव्या लागवडीच्या लहान तुकड्यासाठी स्तूप छान आहे. सगळ्या गावाच्या जवाचा भार मी त्यावर टाकणार नाही. नोर्फेल यांच्या पद्धतीची हिमनदी ३०० मीटर लांब, ४० मीटर रुंद आणि सरासरी मीटरभर जाड जमली तर दहा हजार घनमीटरच्या वर पाणी धरते. पण तिला योग्य सावलीची घळ लागते आणि ती प्रत्येक खोऱ्यात नसते.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, त्याबद्दल. लडाखच्या जवळपास प्रत्येक जुन्या गावात शेतांच्या वर एक तळं असतं, त्याला झिंग म्हणतात. पाणी त्यात रात्री साठवतात आणि सकाळी शेताला सोडतात. रात्री अंधारात, थंडीत दारं धरणं, म्हणजे शेतात उभं राहून पाणी फिरवणं, शक्य नसतं, आणि वरच्या बर्फाचं दुपारी वितळलेलं पाणी गावात पोचेपर्यंत संध्याकाळ उलटते. उन्हाळ्यात तर ओढ्याचा सगळ्यात मोठा पूर कित्येक गावांत रात्रीच येतो. झिंग नसेल तर ते पाणी झोपलेल्या गावाशेजारून निघून जातं. एप्रिलमध्ये ओढा बारीक असतो तेव्हाही रात्रीची धार साठवली की सकाळी मोठा प्रवाह एकदम सोडता येतो. बारीक धार लांबच्या शेतापर्यंत पोचतच नाही, पाटातच जिरते. आपल्या कालव्याच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

झिंगचा हिशेब करा. तीस मीटर लांब, वीस रुंद, दीड मीटर खोल म्हणजे ९०० घनमीटर. एप्रिलमध्ये रात्री ओढ्यात सेकंदाला आठच लिटर पाणी आहे असं धरू. दहा तासांत जमतात २८८ घनमीटर. तळं एक तृतीयांशही भरत नाही. पण हे रोज रात्री होतं. तीस रात्रींत ८६०० घनमीटरच्या वर पाणी हाताशी येतं. वीस लाख लिटरच्या स्तूपाच्या चौपट, आणि तेही आधीपासून असलेल्या, गाळ साचलेल्या, कड फुटलेल्या तळ्यातून. मे महिन्यात धार वाढून सेकंदाला २५ लिटर झाली की तळं रात्रभरात काठोकाठ भरतं आणि रोज सव्वा हेक्टर भिजतं. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हा असतो: गावातली झिंग किती आहेत, किती चालू आहेत आणि शेवटचा गाळ कधी काढला? तुमच्या गटाला श्रमदानाची सवय आहे. गाळ काढणं, दगडी कड पुन्हा रचणं, ओढ्यातून पाणी घेण्याचं तोंड दुरुस्त करणं, ही कामं तुमच्या हाताला बसतील.

यात मी स्वतः एक चूक केली आहे, ती सांगते. एका गावात झिंगमधून पाणी झिरपतं म्हणून आम्ही तळ आणि बाजूंना जाड प्लास्टिकचा कागद अंथरला. तळं छान धरू लागलं. दुसऱ्या वर्षी खालच्या वस्तीतली एक बाई येऊन म्हणाली, आमचा झरा बसला. तिच्या झऱ्याला पाणी त्या गळतीतूनच जात होतं. आम्ही अर्धा कागद काढला. मला ती बाई अजून आठवते, कारण ती भांडायला आली नव्हती, विचारायला आली होती. तेव्हापासून पाटाला किंवा तळ्याला अस्तर देण्याआधी मी खालच्या अंगाचे झरे, विलोच्या झाडांच्या रांगा आणि हिरवी कुरणं चालून बघते. झाडं कुठे उभी आहेत ते पाहिलं की गळती कोणाची भाकर आहे ते कळतं. पाटाचं अस्तर फक्त सुट्या रेतीच्या टप्प्यात द्या, जिथे पाणी नुसतं खोल जातं.

आता माणसांकडे येऊ, कारण यातलं काहीही त्यांच्यावाचून चालणार नाही. गावात पाणी वाटणारा माणूस असतो, त्याला छुरपोन म्हणतात. कोणत्या दिवशी कोणाची पाळी, कोणता पाट आधी, वरच्या गावाने खालच्या गावाला कधी पाणी सोडायचं, हे तो सांभाळतो. अनेक गावांत पाण्याचे हक्क विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जमाबंदीत लिहून ठेवले आहेत. त्या नोंदींना रिवाज-ए-आबपाशी म्हणतात आणि आजही वाद झाला की लोक त्या काढतात. आपल्या धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरच्या फड या सामूहिक पाटपाण्याच्या पद्धतीत पाटकरी जे काम करतो तेच हे. फडाला बाहेरच्या कोणी येऊन नवा बंधारा दिला आणि पाटकऱ्याला विचारलं नाही, तर पहिल्याच हंगामात भांडण होईल. तिथेही तसंच. हिवाळ्यातलं पाणी कोणाचंच नाही असं आपल्याला वाटतं. पण तुम्ही नोव्हेंबरमध्ये ओढा वळवून बर्फ करू लागलात की खालचं गाव विचारेल, मार्चमध्ये आमचं काय? त्या प्रश्नाचं उत्तर दोन्ही गावं एकत्र बसून ठरेपर्यंत एक दगडही लावू नका.

या सगळ्यात तुमच्या गावाचा आकडा मला माहीत नाही, म्हणून पहिलं वर्ष मोजण्यात घालवा असं माझं सांगणं आहे. महागडं यंत्र लागत नाही. पत्र्याच्या किंवा लाकडी फळीत वरून काटकोनी त्रिकोणी खाच कापा आणि ती ओढ्यात किंवा मुख्य पाटात आडवी घट्ट बसवा. कडेने, खालून पाणी निसटता कामा नये. खाचेच्या खालच्या टोकापासून पाण्याची उंची मोजा. फळीच्या लगेच मागे मोजू नका, तिथे पाणी खाली वाकतं, प्रवाहाच्या वरच्या अंगाला मीटरभर अंतरावर मोजा. उंची १० सेंटीमीटर असेल तर सेकंदाला सुमारे साडेचार लिटर, १३ सेंटीमीटरला साधारण आठ, २० सेंटीमीटरला जवळपास २५. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाचपट होतं, म्हणून मापात अर्धा सेंटीमीटर चुकला तरी फरक पडतो. मार्चच्या शेवटापासून जूनपर्यंत रोज दोनदा, सकाळी सूर्य ओढ्यावर यायच्या आधी आणि संध्याकाळी, गावातल्या एखाद्या शाळकरी मुलीने किंवा मुलाने वहीत लिहावं. ऊन पडल्यावरची वाढ आणि रात्रीची किमान धार यांतला फरक बघितला की त्या दिवशी किती पाणी बर्फातून आलं आणि किती झऱ्यांतून, याचा चांगला अंदाज येतो. संध्याकाळची धार एप्रिलमध्ये वाढतच नसेल तर मधल्या पट्ट्यात बर्फ उरलेला नाही, आणि मग सावलीची घळ शोधून कृत्रिम हिमनदीचा विचार खरोखर करायला हवा. संध्याकाळी धार चांगली वाढत असेल तर गावाला बर्फ कमी नाही, साठवण कमी आहे. तिथे झिंग.

जमलेल्या पैशांबद्दल: सगळे बांधकामात घालू नका. एक तृतीयांश तरी पुढच्या पाच वर्षांच्या गाळ काढण्यासाठी, नळाच्या सांध्यांसाठी आणि नोंदी ठेवणाऱ्याच्या मानधनासाठी गावाच्या समितीकडे राहू द्या. गावातली तरुण मुलं लेहला, जम्मूला, चंदीगडला शिकायला आणि कामाला गेली आहेत. झिंग गाळाने भरतात त्याचं एक मोठं कारण हेही आहे. वसंत ऋतूत पाट साफ करायला पूर्वी घराघरातून माणूस यायचा, आता कित्येक घरात फक्त म्हातारी माणसं आहेत. तुम्ही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दहा जण दहा दिवस तिथे राहिलात आणि छुरपोन सांगेल तो पाट साफ केलात, तर त्या वर्षीच्या पहिल्या पाळीला त्याचा थेट उपयोग होईल. पण लेहला विमानाने पोचलात तर दोन दिवस नुसते आराम करा. पहिल्याच दिवशी ३५०० मीटरवर फावडं हातात घेणं अंगावर येतं.

निघण्यापूर्वी घरमालकांना फोन करून चार गोष्टी विचारा: गाव किती उंचीवर आहे, झिंग किती आणि त्यांतली चालू किती, या हिवाळ्यात शेतात बर्फ किती दिवस टिकला, आणि ओढ्यावर खाली दुसरं गाव आहे का. उत्तरं आणि एप्रिलची मोजणीची वही इथेच टाका. तुमच्या गावाचा हिशेब आकड्यांनिशी मी बसून करून देईन.